राथक्रोहन येथील भुयार व त्यातील ओगम लेख

आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यात टल्स्क गावानजीक राथक्रोहन नावाचे विस्तीर्ण पुरातत्त्वीय क्षेत्र आहे. प्राचीन आयरिश वाङ्मयात ‘क्रुआखन’ या नावाने ते येते. कोनाख्त प्रांताची राणी मेद्व व तिचा पती आइलिल यांची राजधानी तेथे होती, अशी परंपरा आहे. या क्षेत्रात ‘ओवेनगॅट’, म्हणजे ‘मांजरांची गुहा’, या नावाचे एक भुयार आहे. जतन केलेला वारसा म्हणून अभ्यासक व प्रवासी ते मार्गदर्शकासमवेत पाहू शकतात. भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने या भुयाराचे महत्त्व काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भुयाराचे दोन भाग आहेत. पहिला भाग मानवनिर्मित असून तो चुन्यावाचून रचलेल्या दगडी भिंतींचा आहे. त्याचे छत आडव्या शिळांचे आहे. पुढे हा मार्ग चुनखडीच्या खडकातील नैसर्गिक व अरुंद अशा कपारीत उतरतो. या कपारीची लांबी सुमारे ३७ मीटर भरते. पहिल्या भागासारखी भुयारे आयर्लंडमध्ये तीन हजारांहून अधिक ज्ञात आहेत व ती सामान्यतः प्रारंभिक मध्ययुगातील आहेत. हल्ल्याच्या वेळी आश्रय घेणे व एरवी धान्य आणि दुग्धजन्य पदार्थ थंड जागी साठविणे, असे त्यांचे दुहेरी प्रयोजन मानले जाते.

प्रवेशाजवळील छताच्या एका शिळेच्या कडेवर ओगम लिपीतील लेख आहे. या लिपीत शिळेची कडच आधाररेषा होते व तिच्यावरील खाचांची संख्या आणि दिशा यांवरून अक्षर ठरते. एकोणिसाव्या शतकात सर सॅम्युअल फर्ग्युसन यांनी या लेखाकडे लक्ष वेधले. मॅकॅलिस्टर यांच्या १९४५ च्या लेखसंग्रहातही तो समाविष्ट आहे. त्याचे वाचन ‘व्राइक्की मक्वी मेद्व्वी’ असे आहे. तिन्ही पदे षष्ठ्यन्त असून अर्थ ‘मेद्वचा पुत्र जो फ्राएख, त्याची (शिळा)’ असा होतो. ‘मक्वी’ हे पुढील काळातील ‘मक्’ (पुत्र) या शब्दाच्या षष्ठीचे पूर्वरूप होय.

हा मेद्व म्हणजे कथेतील राणीच, असे समजण्याचा मोह साहजिक आहे. किंबहुना स्थलवर्णनांतून तसे सुचविलेही जाते. परंतु व्याकरण त्यास अनुकूल नाही. अन्त्य ‘ई’ हा अकारान्त पुल्लिंगी नामांचा षष्ठीप्रत्यय आहे. लॅटिनमधील तशाच नामांची षष्ठीही ‘ई’नेच होते. राणीचे नाव आकारान्त स्त्रीलिंगी आहे. त्या वर्गाच्या नामांची षष्ठी ओगम लेखांत ‘इयास्’ अशा रूपाची अपेक्षित असते. शिवाय ओगम लेखांत ‘मक्वी’नंतर सामान्यतः पित्याचे नाव येते. तेव्हा हा मेद्व पुरुष होता, असे मानणेच युक्त ठरते. वाङ्मयाचा दाखलाही याच बाजूचा आहे. ‘तान बो फ्राइख’ या कथेतील फ्राएख हा इदाथचा पुत्र असून मेद्वच्या कन्येचा पाणिग्रहणेच्छू आहे. मेद्वचा पुत्र नव्हे.

दोन्ही नावांचे मूळ मात्र एकच आहे. संस्कृत ‘मधु’, मराठी ‘मध’ व वेल्श ‘मेद्’ (मधापासून केलेले मद्य) हे त्याच मुळाचे शब्द आहेत. ‘मेद्व’ म्हणजे मादक, उन्मत्त करणारा किंवा करणारी. नावाचे मूळ सारखे आहे म्हणून व्यक्तीही एकच, हे अनुमान टिकत नाही.

कालनिर्णयाचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. ओगम स्मारकलेख प्रामुख्याने इसवी सनाच्या पाचव्या व सहाव्या शतकांतील आहेत. अशी शिळा छतासाठी आडवी घातली गेली, याचा अर्थ बांधणाऱ्यांच्या लेखी तिचे स्मारक म्हणून असलेले प्रयोजन संपले होते. म्हणजे भुयार लेखाहून उत्तरकालीन आहे. उलट राणीच्या कथा व त्या गुहेतून मांजरे सोडून वीरांची परीक्षा घेतल्याची ‘फ्लेद ब्रिक्रेन’मधील हकीकत आपल्याला बाराव्या शतकाच्या आरंभीच्या हस्तलिखितात प्रथम आढळते. लेख, बांधकाम व कथा हे तीन थर निरनिराळ्या काळांचे आहेत.

आपल्याकडेही जुने शिलालेख पुढे पायऱ्यांत वा भिंतींत बसविलेले आढळतात. तेथेही लेखाचा काळ वास्तूला व कथेचा काळ लेखाला चिकटविण्याची घाई होते. राथक्रोहनच्या शिळेवरील एका विभक्तिप्रत्ययाने एका लोकप्रिय समजुतीचा आधार काढून घेतला आहे. स्थलेतिहासाच्या अभ्यासकाने व्याकरण गौण का मानू नये, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.