शिंप्याची चोपडी
(खानदेशातील शिलाईच्या धंद्याचा जमाखर्च)

शिंपीकामाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की, संतश्रेष्ठ नामदेवांपासून आरंभ करण्याची आपल्या ज्ञातीत प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. तथापि ज्या धंद्यावर आपल्या पिढ्या पोसल्या गेल्या, त्याच्या पैशाच्या बाजूविषयी स्मरणिकांच्या पानांतून फारसे लिहिले जात नाही. हात चांगला, गिऱ्हाईक भरपूर, आणि तरीही आखाजीच्या तोंडावर दोऱ्याच्या रिळासाठी उसनवारी, हे दृश्य अमळनेरात आम्ही अनेक दुकानांत पाहिले आहे. त्याचे मूळ शोधावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

बारा बलुतेदारांच्या यादीत शिंपी नाही. अलुतेदारांच्या यादीत तो कोठे कोठे आढळतो. सुतार-लोहारांस सुगीला खळ्यावर ठरलेला वाटा मिळे. शिंप्याचा मोबदला बहुतांशी नगावर, कधी रोख तर कधी धान्यात. कापड गिऱ्हाइकाचे, बसावयास ओसरीही गिऱ्हाइकाचीच. सुई, दोरा, कातर आणि गज एवढेच काय ते भांडवल. अशा धंद्याला चोपडी कशाला लागणार? जे मिळाले ते घरी आले, आणि घरी आले ते संपले. घर आणि धंदा एकाच पिशवीत ठेवण्याची सवय येथूनच पडली, असे आमचे मत आहे.

ह्या व्यवस्थेला धक्का दिला तो शिलाईयंत्राने. अमेरिकेत आयझॅक सिंगरला १८५१ साली यंत्राचे पेटंट मिळाले, आणि १८५६ च्या सुमारास त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क ह्याने यंत्र हप्त्यांवर विकण्याची युक्ती काढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात मुंबईच्या एका पारशी प्रतिनिधीमार्फत ही यंत्रे आणि ही हप्त्यांची रीत हिंदुस्थानात पसरली. पुढे १९३५ पासून कलकत्त्याचे देशी ‘उषा’ यंत्रही आले. यंत्राने शिवण किती पटींनी वेगवान केली, हे सर्व सांगतात. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. शिंप्याच्या आयुष्यात प्रथमच असे देणे आले की, जे काम असो वा नसो, तारखेला द्यावेच लागे. न दिल्यास यंत्र परत जाई. कमाई हंगामी आणि देणे मासिक, हा पेच तेव्हापासूनचा.

खानदेशात हा पेच अधिकच घट्ट बसला. येथील पैसा कापसाचा. दिवाळीपासून माघ-फाल्गुनापर्यंत कापूस विकला जातो, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती रोकड येते. तीच पुढे लग्नसराईत व आखाजीला कपड्यांवर खर्च होते. आषाढात तोच शेतकरी बियाणाच्या चिंतेत असतो, आणि पितृपक्षात तर नवे कापड फाडण्यास कोणी धजत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत तर हंगामच बुडाले. अमळनेरास मात्र एक आधार लाभला. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि पुढे श्रीमंत प्रतापशेठांची कापडगिरणी उभी राहिली. शेतकरी वर्षातून एकदा पैसे देई, तर गिरणीकामगार पगाराच्या पगारास. ज्या शिंप्याजवळ दोन्ही प्रकारची गिऱ्हाइके होती, त्याचा हप्ता सहसा थकत नसे. ह्याच गावी २९ डिसेंबर १९४५ रोजी वनस्पती तुपाची जी कंपनी निघाली, तीच पुढे ‘विप्रो’ झाली. तिचे भाग ज्यांनी पेटीत जपून ठेवले, त्यांची घराणी श्रीमंत झाली. परंतु भाग घेण्यास आधी शिल्लक हवी, आणि शिल्लक दिसण्यास चोपडी हवी.

वाणी-व्यापाऱ्याच्या दुकानात रोजकीर्द आणि खतावणी असे. शिंप्याच्या दुकानात असे ती मापाची वही. छाती, कंबर, बाही. कोपऱ्यात कोठेतरी ‘२ रु. बाकी’. पान उलटले की बाकी गेली! १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, पण तीन आणे म्हणजे १९, असे कोष्टक होते. तीन आणे एकेक करून दिले, तर १८ च होत. चोपडी ठेवणाऱ्यांना हा एक पैसा कोठे गेला हे कळले; इतरांना कळले नाही.

उधारीविषयी स्पष्ट लिहितो, कोणी रागावू नये. सर्वांत अधिक बुडते ती परक्याकडील नव्हे, तर आप्तांची व ज्ञातिबांधवांची शिलाई. ‘घरचेच आहेत’ म्हणून मागावयाचे नाही, आणि त्यांनीही द्यावयाचे नाही! जूनमध्ये एखाद्या संस्थेचे गणवेश शिवावेत आणि मजुरीसाठी दिवाळीपर्यंत खेटे घालावेत, हा अनुभवही आमच्या एका आप्तांस आला आहे. कारागिरांची नगावरची मजुरी मात्र त्यांनी दर शनिवारी चुकती केली.

आता आजचे. तयार कपड्यांनी पुरुषांची शिलाई पुष्कळ ओढून नेली. पोलके, गणवेश व दुरुस्ती एवढे उरले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना आरंभिली. तिच्यातील अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. पहिले कर्ज एक लाखापर्यंत, व्याज पाच टक्के, फेड अठरा महिन्यांत. पूर्ण लाख घेतल्यास महिना सुमारे ५,८०० रुपये हप्ता पडतो. आम्ही जन्मभर अंकगणित शिकविले, म्हणून एक उदाहरण मांडतो. हप्ता ५,८००, भाडे समजा ३,०००, वीज व दुरुस्ती १,२००, एकूण १०,०००. त्यात मालकाची स्वतःची मजुरी १६,००० धरा. ती धरावयाची असते हेच पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. बेरीज २६,०००, कामाचे दिवस २६. म्हणजे दोरा, अस्तर व कारागिरांची मजुरी वजा जाता रोज एक हजार रुपये आले, तरी अद्याप नफ्याचा एक पैसाही झालेला नाही.

ही सरासरी झाली. सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत, वैशाखात, गल्ल्यात ह्याहून पुष्कळ अधिक पडेल, आणि भाद्रपदात चारशेही पडणार नाहीत. हप्ता दोन्ही महिन्यांत तेवढाच. आमच्या ओळखीच्या एका भगिनी पोलक्यांचे दुकान चालवितात. त्या वैशाखातच भाद्रपद व आश्विनाचे हप्ते टपालाच्या बचत खात्यात निराळे टाकतात आणि त्या पासबुकाला घरात कोणासही हात लावू देत नाहीत.