आईवाचून मूल नाही : दलित चळवळीतील एक विसरलेला धागा

दलित समाजाच्या जागृतीचा इतिहास लिहिताना आपण शाळा मोजतो, वसतिगृहे मोजतो, पदवीधर मोजतो. हे मोजणे आवश्यकच आहे. हजारो वर्षे ज्यांना अक्षराची बंदी होती, त्यांच्या घरातला पहिला मॅट्रिक हा इतिहासाचाच विषय असतो. परंतु या मोजणीतून एक घर सुटते. ज्या घरातून तो मुलगा वसतिगृहात गेला, त्या घरात मागे कोण राहिले? कोणाच्या कमाईवर त्याची पुस्तके आली? त्याची धाकटी भावंडे कोणाच्या कडेवर वाढली, आणि त्यांतली किती जगली? हे प्रश्न आपण आपल्या इतिहासाला फारसे विचारलेले नाहीत. मी ते विचारणार आहे, कारण ते माझ्या घरचे प्रश्न आहेत.

माझे घर कामठीचे. आजी बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली तेंदूची पाने, आणि सुपाच्या आडोशाला निजवलेले मूल, असे तिचे आयुष्य गेले. मजुरी हजारावर मिळे. मुकादम त्यातल्या काही बिड्या वाईट म्हणून बाजूला काढी. त्यांचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत. आजीला आठ लेकरे झाली, जगली तीन. रडणाऱ्या पोराला अफूचा कण चाटवून निजवायचे, ही त्या काळी कष्टकरी बायांची रीतच होती. आजी हे सांगताना रडत नसे. "निजलं नाही तं हजार कसा पुरा होईन?" एवढेच म्हणायची.

जगलेल्या तिघांत आत्या थोरली, वडील मधले. वडील पुढे नागपूरच्या एका वसतिगृहात राहून शिकले, नोकरीला लागले. त्या वसतिगृहाच्या जुन्या वहीत त्यांचे नाव आहे. आत्याचे नाव कोणत्याच वहीत नाही. नवव्या वर्षी तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता आणि बोटांत बिडी बांधायचा दोरा. मी कॉलेजात गेलो तेव्हा ती म्हणाली होती, "शाळेचं दार म्या पायलं नाही असं नाही, बाबू. तुया बापाले सोडाले रोज जात होती." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले. आज ते मला आपल्या सामाजिक इतिहासावरचा आरोप वाटतो.

मूल आणि आई यांचा प्रश्न एकच आहे, हे आपल्या समाजात प्रथम लिहून ठेवले ते एका मुलीने. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत सुमारे तीन वर्षे शिकलेली, मांग समाजातील मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीच्या त्या निबंधातील धर्मचिकित्सेचा आपण नेहमी उल्लेख करतो. आपल्यासाठी धर्मग्रंथच नसेल तर आपला धर्म कोणता, हा तिचा सवाल प्रसिद्ध आहे. पण त्याच निबंधात ती आपल्या स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी लिहिते. डोक्यावर छप्पर नसताना बायका बाळंत होतात, थंडी-पावसात त्यांचे हाल होतात, आणि त्यातच आजार उद्भवला तर औषधाला, वैद्याला पैसा कोठून आणावा, असे ती विचारते. चौदा वर्षांच्या आसपासची ही पोर. तिच्या हातात लेखणी आली तेव्हा ग्रंथाच्या हक्काबरोबरच तिने बाळंतिणीच्या डोक्यावरचे छप्पर मागितले. माता-बाल कल्याण हा शब्द सरकारी कागदावर येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. माझ्या मते आपल्या समाजाच्या कुटुंबकल्याणाचा इतिहास येथून सुरू केला पाहिजे.

पुढच्या पिढीत पुण्याला शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढले आणि मुरळीच्या चालीविरुद्ध मोहीम उघडली. खंडोबाला वाहिलेली मुलगी म्हणजे घर नाकारलेली मुलगी. तिच्या पोटच्या लेकराला बापाचे नाव नाही. अशा मुलींचे संसार उभे राहावेत म्हणून कांबळे यांनी खटपट केली. देवाला पोर सोडणे हा धर्म नसून कुटुंबाची नासाडी आहे, हे त्यांनी समाजाला समाजाच्याच पत्रातून सांगितले.

याच सुमारास वसतिगृहांचे युग सुरू झाले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापिले. त्या कामात त्यांची बहीण जनाबाई राबली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिचे पहिले ठोस काम म्हणजे ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला उघडलेले वसतिगृह. सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा ४० रुपये मदत दिली. वसतिगृह का, हे आज नव्या वाचकाला सांगावे लागेल. हायस्कूल शहरात, शहरात अस्पृश्य मुलाला खोली कोणी देत नसे, खाणावळीत पान कोणी वाढत नसे. तेव्हा वसतिगृह हे त्या मुलाचे दुसरे घर होते. तेथे भाकरी होती, कपडा होता, वही-पेन्सिल होती. एक मूल शिकवायचे तर त्याच्या पोटाची, अंगाची आणि झोपायच्या जागेची व्यवस्था आधी केली पाहिजे, हे या कार्यकर्त्यांनी ओळखले होते.

पण हे दुसरे घर बहुतांशी मुलांचे होते. मुलगी पहिल्या घरीच राहिली.

तिच्यासाठी काही झालेच नाही असे मात्र नाही. हमाली करून पोट भरणारी एक तरुणी होती, जाईबाई चौधरी. ती शिकली, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली. परंतु अस्पृश्य बाईच्या हाताखाली आमची मुले शिकणार नाहीत अशी ओरड झाली आणि तिची नोकरी गेली. या अपमानाने ती घरी बसली नाही. १९२२ साली तिने नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. ओझी वाहिलेल्या बाईने मुलींच्या हाती पाटी दिली, ही घटना आपल्या इतिहासात पहिल्या पानावर असायला हवी होती.

कामठीचेच बाबू हरदास एल. एन. आपल्याला 'जय भीम' या अभिवादनासाठी आठवतात. त्यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली हे कमी आठवते. १९३७ साली ते मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी वारले. बिडी कामगार म्हणजे केवळ पुरुष नव्हते. आजीसारख्या बाया आणि आत्यासारख्या पोरी त्यात होत्या. बिडीची मजुरी वाढवणे म्हणजे पोराला अफूऐवजी दूध मिळण्याची शक्यता वाढवणे, असा त्याचा घरातला अर्थ होता.

आता बाबासाहेबांकडे येतो. त्यांच्या स्वतःच्या घरात गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे गेली. राजरत्न १९२६ च्या जुलैत. विलायतेत मोठ्या पदव्या मिळवलेल्या माणसाच्या घरीही मृत्यू असा येत होता, मग गिरणी-बंदरावर राबणाऱ्यांच्या खोल्यांत तो किती येत असेल याचा विचार करावा. दोन वर्षांनी, १९२८ च्या जुलैत, मुंबई विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पण सरकार तो उचलत नाही तोवर जो मालक तिच्या श्रमाचा लाभ घेतो त्याने तो द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, १९३० साली मध्य प्रांतातही तसा कायदा आला.

आजीला त्याचा उपयोग काय झाला? काहीच नाही. हे कायदे कारखान्यांसाठी होते आणि जेथे यंत्र नाही ते बिडीचे काम त्यांच्या व्याख्येत बसत नव्हते. मध्य प्रांताने १९३७ साली अशा अनियंत्रित कारखान्यांसाठी वेगळा कायदा केला आणि लहान मुलांच्या राबण्यावर मर्यादा घातली. पण घरी बसून वळलेल्या बिडीवर कोणाची नजर पोचणार? कारखान्यात कायदा शिरला की मालक पाने आणि तंबाखू घरी पाठवतो. घरी काम आले की सारे घरच मजूर होते. कोणाचे बोट रिकामे राहत नाही. आत्याच्या बोटात दोरा आला तो असा. मुलीला शाळेत का घातले नाही, म्हणून आईबापांच्या अज्ञानाला दोष देणे सोपे आहे. तिला घरी बांधून ठेवणारी ही व्यवस्था मात्र बघावी लागते.

बाबासाहेबांना आईचा प्रश्न विश्रांतीपाशी थांबत नाही हे ठाऊक होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. नको असलेले मातृत्व टाळण्याची सोय स्त्रीला मिळावी हा त्यामागचा विचार होता. ठराव फेटाळला गेला. सभागृहाला तो विषय अप्रतिष्ठेचा वाटला असेल. आठ वेळा बाळंत झालेल्या माझ्या आजीला तो तसा वाटला नसता.

आणि मग नागपूरची १९४२ ची परिषद. जुलैच्या २० तारखेला मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बाया जमल्या होत्या. आमच्या मोहल्ल्यातूनही बायकांचा जथा पायी गेला होता, त्यात आजी होती. परिषदेने बहुपत्नीत्वाविरुद्ध आणि घटस्फोटाच्या हक्काच्या बाजूने ठराव केले. गिरण्यांत, बिडी कारखान्यांत, नगरपालिकांत, रेल्वेत राबणाऱ्या स्त्रियांना रजा, इजा झाल्यास भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मागितले. सुलोचनाबाई संततिनियमनाविषयी बोलल्या. बाबासाहेबांनी बायांना सांगितले की लेकरांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा घाला, त्यांची लग्ने घाईने उरकू नका, आणि फार मुले होऊ देणे हा अपराध समजा. घर, काम, शरीर आणि मूल हे चारही विषय एका मांडवात, स्त्रियांच्याच तोंडून मांडले गेले. आजीला ठराव पाठ नव्हते. "बाबासाहेबानं आमाले लेकरायचं सांगितलं, न् आमचंबी सांगितलं," एवढे तिच्या लक्षात होते. त्या 'आमचंबी'त सगळी परिषद येते.

नंतर काय झाले? 'लेकरायचं' आपल्या लक्षात राहिले, 'आमचंबी' विसरले. त्या परिषदेतल्या बायांची नावे शोधून काढायला १९८९ साल उजाडावे लागले. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले तेव्हा पुष्कळांना कळले की या चळवळीत आपल्या आज्या होत्या. शिष्यवृत्ती आली, राखीव जागा आल्या, त्यांनी माझ्यासारख्यांची आयुष्ये बदलली. याबद्दल कृतज्ञता नसेल तर माणूस कसला? पण पाळणाघराची मागणी, बाळंतिणीच्या मजुरीची मागणी, घरी काम करणाऱ्या बाईला कामगार म्हणण्याची मागणी आपल्या मोर्च्यांच्या फलकांवर मागे पडत गेली.

कायदे झाले. १९६१ साली प्रसूतिलाभाचा केंद्रीय कायदा आला, १९६६ साली बिडी कामगारांचा, त्यात पाळणाघराची तरतूदही होती. १९७५ साली अंगणवाड्या सुरू झाल्या. २०१७ साली प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. पण २६ आठवडे तिला, जिची नोकरी कागदावर आहे. जी रोजावर जाते तिला त्याच वर्षी आलेल्या योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी. वस्तीतल्या लेकरांना भात भरवणारी, त्यांचे वजन करणारी अंगणवाडी सेविका मानधनावर राबते. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. मुलांना वाढवणाऱ्या बाईचे काम हे काम नव्हेच, अशी या देशाची जुनी समजूत आहे, आणि जातीच्या उतरंडीत हे काम जिच्या वाट्याला येते ती बहुधा आपल्यातलीच असते.

माझी या त्रैमासिकाच्या वाचकांना एक विनंती आहे. आपापल्या घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाचे नाव लिहा आणि त्याच्याखाली, त्याच्यासाठी जी शाळेत गेली नाही तिचे नाव लिहा. ती आई असेल, बहीण असेल, काकू असेल. तिने काय काम केले, दिवसाला किती मिळत होते, तिची किती मुले जगली, हे ज्यांना विचारता येईल ती माणसे अजून थोडी उरली आहेत. त्यांना विचारून घ्या. आणि वस्तीत अभ्यासिका मागायला जाल तेव्हा तिच्याच शेजारी पाळणाघर मागा. लहान भावंड तेथे राहिले, तर थोरली अभ्यासिकेत येऊन बसेल.

आत्या गेली तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन बोटे टोकाला वाकलेली होती. वहीत तिचे नाव नव्हते, म्हणून मी ते येथे लिहितो. तिचे नाव गंगूबाई. वडिलांच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रात तिचा अर्धा वाटा आहे.