सट्टा आणि मनोनिग्रह : १८६५ चा धडा

सट्ट्याच्या बाजारांत बुद्धीपेक्षां मनोनिग्रहाची कसोटी अधिक लागते, ही गोष्ट मुंबईनें १८६५ सालीं फार मोठी किंमत देऊन शिकली.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील संस्थानांच्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसावांचून गत्यंतर उरलें नाहीं. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. नव्या पेढ्या, बँका आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या भराभर निघूं लागल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरांत गेला.

युद्ध केव्हां तरी संपणार, हें कोणास ठाऊक नव्हतें? व्यापारी लोक अडाणी नव्हते. पण ज्ञान असणें निराळें आणि त्या ज्ञानाप्रमाणें हात आवरणें निराळें. शेजाऱ्यानें काल मिळविलें, मग आपण कां थांबावें, हा विचार एकदां मनांत शिरला कीं हिशेबाची वही मुकी होते. त्यांतून वायद्याच्या सौद्यास आज रोकड लागत नसे. शेअरांच्या तारणावर कर्ज मिळे आणि त्या कर्जानें पुन्हां शेअरच घेतले जात. बँक ऑफ बाँबेवर अशा कर्जांबाबत असलेले निर्बंध १८६३ च्या कायद्यानें सैल झाले होते. बाहेरचा लगाम सुटला. आंतला तर कोणी घातलाच नव्हता.

९ एप्रिल १८६५ रोजीं सेनापति ली शरण गेला. कापसाचे भाव कोसळले. १ जुलैला वायदे पुरे करण्याचा दिवस उगवला, तेव्हां देणारे आणि घेणारे दोघेही रिकाम्या हातांचे ठरले. जुनी बँक ऑफ बाँबे १८६८ सालीं मोडीत निघाली. या उलाढालीचे अध्वर्यु प्रेमचंद रायचंद यांचेंही वैभव ओसरलें. मात्र भरतीच्या काळीं, १८६४ सालीं, ग्रंथालय व मनोरा यांसाठीं मुंबई विद्यापीठास त्यांनीं दिलेले चार लाख रुपये वांचले. त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. तो आजही उभा आहे.

१८७५ सालीं दलालांनीं आपली संस्था स्थापिली आणि व्यवहारांस नियमांची चौकट मिळाली. पण नियम बाजारास बांधतात, मनास नाहीं. किती तोटा सोसावयाचा आणि किती नफ्यावर समाधान मानावयाचें, ही मर्यादा सौद्यापूर्वीं, चित्त शांत असतांनाच आंखली पाहिजे. भाव धांवूं लागल्यावर ओढलेली रेघ ही पाण्यावरची रेघ होय.