लाखोरीचा दाणा आणि शर्करायुक्त बहुवारिके

भंडारा जिल्ह्यात धान उभे असतानाच बांधीतील ओलीवर लाखोरी फेकून पेरण्याची रीत जुनी आहे. वैज्ञानिक वाङ्मयात मात्र या दाण्याचा उल्लेख बहुधा विषाच्या संदर्भातच येतो. १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे करणारे तिच्यातील अमिनो आम्ल भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ साली वेगळे केले. परंतु त्याच दाण्यात ग्लुकोज व मॅनोज या शर्करांना धरून ठेवणारे एक प्रथिनही आहे, आणि त्या प्रथिनाच्या कुळाचा इतिहास अगदी निराळा आहे.

एरंडाच्या बियांच्या अर्काने तांबड्या रक्तपेशी परस्परांस चिकटतात, असे श्टिलमार्क यांनी १८८८ साली दाखविले. यामागील शर्करेचा संबंध समनर व हॉवेल यांच्या १९३६ च्या प्रयोगांतून उघड झाला. अबईच्या जातीच्या एका शेंगेतील प्रथिनाने ग्लायकोजेनचा साका बसला. उलट उसाची साखर मिसळताच त्याच प्रथिनाने होणारे रक्तपेशींचे चिकटणे थांबले. १९५४ साली बॉइड यांनी अशा प्रथिनांना ‘लेक्टिन’ हे नाव दिले. ते ‘वेचणे, निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेले असल्याने अन्वर्थक आहे.

या प्रयोगांत पुढील संशोधनाचे बीज होते. सुटी शर्करा प्रथिनातील जागा अडविते, पण तिची पकड दुबळी असते. एकाच साखळीवर अनेक शर्करा असल्या, तर एक सुटली तरी शेजारची तिची जागा घेते. शिवाय प्रथिनाचे अनेक रेणू एकत्र जोडले जातात. निसर्गातील ग्लायकोजेनचे हे कार्य १९७८ साली प्राग येथील कोत्सोउरेक प्रभृतींनी कृत्रिम बहुवारिकावर शर्करा बसवून साधले व त्याच्या योगे लेक्टिनांचा साका पाडला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मोहन कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यमान शतकाच्या आरंभी एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन ही शर्करा बहुवारिकाच्या साखळीस जोडली. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम हे लेक्टिन नव्हे. तरीही त्याच्याशी जडणारे या शर्करेचे बंधन साखळीमुळे अधिक दृढ झाले.

एका घटकाच्या दोषावरून सबंध दाण्याचा निवाडा करणे म्हणूनच अपुरे ठरते. ज्या प्रथिनावर अशा बहुवारिकांची कसोटी घेता येते, ते भंडाऱ्याच्या बांधीतच पिकते.