ट्वेल्व ओ'क्लॉक हाय (दूरचित्रवाणी मालिका)

ट्वेल्व ओ'क्लॉक हाय ही दुसऱ्या महायुद्धावरील अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका आहे. ती एबीसी वाहिनीवर १८ सप्टेंबर १९६४ ते १३ जानेवारी १९६७ या काळात प्रसारित झाली. तीन पर्वांत मिळून तिचे ७८ भाग झाले. इंग्लंडमधील तळावरून जर्मनी व जर्मनव्याप्त युरोपवर बॉम्बहल्ले करणाऱ्या ९१८ क्रमांकाच्या काल्पनिक गटाची ही कथा आहे. आकाशातील चकमकी तीत असल्या, तरी थकलेल्या माणसांना पुन्हा पुन्हा मृत्यूच्या तोंडी पाठवावे लागणाऱ्या अधिकाऱ्याची घालमेल हा तिचा मुख्य विषय आहे.

नाव

शत्रूच्या विमानाची दिशा सांगताना वैमानिक घड्याळाच्या तबकडीचा आधार घेतात. आपल्या विमानाचे नाक म्हणजे बाराचा आकडा. त्यामुळे 'ट्वेल्व ओ'क्लॉक हाय' याचा अर्थ 'अगदी समोर, वरच्या बाजूस' असा होतो. बी-१७ विमानांच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत समोरच्या दिशेने मारा करण्याची सोय अपुरी होती. हे हेरून जर्मन लढाऊ विमाने समोरूनच चाल करून येत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बी-१७ विमानात साधारणतः दहा जण असत. सुमारे २५,००० फूट उंचीवर तापमान शून्याखाली ४० अंश सेल्सियस किंवा त्याहूनही कमी होई. विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, त्यामुळे प्राणवायूचा मुखवटा आणि विजेवर तापणारे कपडे यांवर जीव अवलंबून असे. २५ मोहिमा पूर्ण करणाऱ्यास मायदेशी परतता येई. पुढे ही मर्यादा ३० आणि नंतर ३५ करण्यात आली. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टवरील एकाच हल्ल्यात ६० बी-१७ विमाने नष्ट झाली. युद्ध संपेपर्यंत अमेरिकेच्या आठव्या हवाई दलातील २६,००० हून अधिक जण मृत्युमुखी पडले.

मूळ कादंबरी आणि चित्रपट

बर्न ले (धाकटे) आणि साय बार्टलेट यांची याच नावाची कादंबरी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही लेखक युद्धकाळात आठव्या हवाई दलात होते. जानेवारी १९४३ मध्ये खचलेल्या ३०६व्या गटाची सूत्रे कर्नल फ्रँक आर्मस्ट्राँग यांनी हाती घेतली, ती घटना कादंबरीच्या मुळाशी आहे. ९१८ हा आकडा ३०६ ची तिप्पट आहे. कादंबरीवर १९४९ मध्ये हेन्री किंग यांनी चित्रपट काढला. त्यात ग्रेगरी पेक यांची प्रमुख भूमिका होती, तर डीन जॅगर यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

कथानक

ब्रिगेडियर जनरल फ्रँक सॅव्हेज हा आर्चबरी येथील तळाचा कठोर सेनानी आहे. पहिल्या भागात जो गॅलेघर हा वैमानिक मोहीम अर्धवट सोडून परततो. एका सेनाधिकाऱ्याच्या या मुलावर भित्रेपणाचा ठपका येतो. सॅव्हेज त्याला नालायक ठरवलेल्या सैनिकांनी भरलेले विमान देतो. या माणसांना घेऊन गॅलेघर आपली पत परत मिळवतो. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी सॅव्हेज मारला जातो आणि गटाची धुरा गॅलेघरकडे येते.

प्रमुख कलाकार

रॉबर्ट लान्सिंग – ब्रिगेडियर जनरल फ्रँक सॅव्हेज
पॉल बर्क – कर्नल जो गॅलेघर
फ्रँक ओव्हर्टन – मेजर हार्वे स्टोव्हल
ख्रिस रॉबिन्सन – सार्जंट कोमान्स्की
बार्नी फिलिप्स – डॉक्टर कैसर

निर्मिती

क्विन मार्टिन यांच्या संस्थेने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स टेलिव्हिजनसह मालिका तयार केली. संगीत डॉमिनिक फ्राँटिएर यांचे होते. विमानतळावरील दृश्ये कॅलिफोर्नियातील चिनो येथे चित्रित झाली. हवाई लढायांसाठी युद्धकाळातील खरे चित्रणही वापरण्यात आले. पहिली दोन पर्वे कृष्णधवल असून तिसरे रंगीत आहे. लान्सिंग यांना पहिल्या पर्वानंतर वगळण्यात आले. वाहिनीला तरुण नायक हवा होता, असे त्याचे कारण सांगितले जाते. प्रत्यक्षात बर्क (जन्म १९२६) हे लान्सिंग (जन्म १९२८) यांच्यापेक्षा वयाने मोठे होते.

मानसिक ताणाचे चित्रण

थकवा कोठे संपतो आणि भित्रेपणा कोठे सुरू होतो, हा प्रश्न मालिकेत वारंवार येतो. मोहिमेवर जाण्यास कोण योग्य हे ठरवणारा डॉक्टर आणि विमानांची संख्या भरून काढू पाहणारा सेनापती, दोघांचीही बाजू तीत मांडली जाते. हा प्रश्न काल्पनिक नव्हता. ब्रिटिश हवाई दलात उड्डाणास नकार देणाऱ्यांवर 'नैतिक धैर्याचा अभाव' असा शेरा मारला जाई. अमेरिकन दलाने थकलेल्या वैमानिकांसाठी इंग्लंडमध्ये विश्रांतिगृहे चालवली होती.

भारतीय संदर्भ

या हवाई युद्धात भारतीयांचाही सहभाग होता. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर यांनी ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये दिशादर्शक म्हणून काम केले. भारतीय हवाई दलाच्या ७ व ८ क्रमांकांच्या स्क्वाड्रननी ब्रह्मदेश आघाडीवर व्हेंजन्स बॉम्बफेकी विमाने वापरली.

नंतरच्या मालिका

याच विषयावरील 'मास्टर्स ऑफ द एअर' ही नऊ भागांची मालिका २०२४ मध्ये ॲपल टीव्ही प्लसवर प्रदर्शित झाली. ती १००व्या गटाच्या प्रत्यक्ष इतिहासावर आधारित असून तिच्यातील मुख्य पात्रे खऱ्या सैनिकांची आहेत.