पालघरच्या गोलंदाजाची देवघेव

१४ मे २०१७. आयपीएलमध्ये पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर किंग्ज इलेव्हन पंजाबचा डाव ७३ धावांत आटोपला. जिंकेल तो प्ले-ऑफमध्ये, अशी ती लढत होती. पुण्याकडून पालघरच्या शार्दूल ठाकूरने १९ धावांत ३ बळी घेतले. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी पंजाबनेच त्याला पुण्याच्या हवाली केले होते.

पंजाबचे चुकले का? चुकलेच, पण आधी. २०१४ मध्ये २० लाखांना घेतलेल्या या गोलंदाजाने २०१४-१५ च्या रणजी हंगामात मुंबईसाठी ४८ बळी घेतले. पुढच्या मोसमात याच गहुंजेत सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात २६ धावांत ५ बळी टिपले. पंजाबने मात्र त्याला २०१५ मध्ये एकाच सामन्यात खेळवले. बाकावरच बसवायचे असेल, तर सोडून दिलेले बरे.

खेळाडूंची अशी देवघेव आयपीएलच्या दुसऱ्याच वर्षी रुळली. २००९ मध्ये मुंबईने तेवीस वर्षांचा रॉबिन उथप्पा बंगळुरूला दिला आणि श्रीरामपूरचा तिशीतला झहीर खान घेतला. उमेद देऊन अनुभव घ्यायचा, असा तो व्यवहार. उथप्पाने पुढे २०१४ मध्ये कोलकात्याकडून ६६० धावा करून ऑरेंज कॅप पटकावली.

शार्दूलची सर्वांत मोलाची बदली मात्र पैशांविना झाली. बोईसरच्या शाळेकडून खेळणाऱ्या या मुलाला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत आणले. रोजचा प्रवास झेपेना, म्हणून स्वतःच्या घरी ठेवून घेतले. २००६ च्या हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार मारले. बोईसरच्या शाळेने चांगला खेळाडू गमावला, हे खरे. तरीही लाड यांचा निर्णय योग्यच होता.

पालघर-बोईसरला निदान रेल्वे तरी आहे. त्याच जिल्ह्यात वर घाटात, जव्हार-मोखाड्यात, एसटी हाच आधार. तिथून मैदानापर्यंत पोचायचे तर कुणीतरी हात धरून न्यावे लागते. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतला नाशिकमध्ये विजेंद्रसिंग यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक जिंकले. राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवरचे वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांतल्या मुलामुलींना हवी आहे ती अशीच बदली, आणि तीही शाळेच्या वयात.