दुधाचा दात हलतोय? थोडा इतिहास, थोडी काळजी

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की पहिली-दुसरीतल्या मुलांचे पालक दवाखान्यात दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "डॉक्टर, दात हलतोय, ओढून काढून टाकू का?" आणि दुसरा, "दात पडला, पण त्याला मूळच नाही. मूळ आत राहिलं का?"

दोन्ही प्रश्न दिसतात तेवढे साधे नाहीत. दुसऱ्या प्रश्नावर युरोपातले मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ चुकले होते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र दुसऱ्याचं उत्तर कळलं की आपोआप मिळतं. म्हणून आज औषधांपेक्षा थोडं इतिहासाबद्दल बोलू, आणि शेवटी घरी नेमकं काय करायचं तेही पाहू.

कौलावर फेकलेला दात

तुमच्या लहानपणी पडलेल्या दाताचं काय केलं होतं, आठवून पाहा. कोकणात अनेक घरांत तो कौलावर फेकायची पद्धत होती. कुठे शेणाच्या गोळीत घालून फेकत, कुठे उंदराच्या बिळात टाकत. उंदीरमामाला सांगायचं, जुना दात तू घे आणि तुझ्यासारखा बारीक, भक्कम दात मला दे.

हा उंदीर फक्त आपला नाही. स्पेनमध्ये लहान मुलांच्या पडलेल्या दातासाठी 'पेरेझ' नावाचा उंदीर येतो. त्याची गोष्ट लुईस कोलोमा या लेखकाने १८९४ च्या सुमारास तिथल्या बालराजासाठी लिहिली. जपानमध्ये खालचा दात छपरावर आणि वरचा दात जमिनीकडे किंवा घराच्या जोत्याखाली टाकतात, म्हणजे नवा दात त्या दिशेने सरळ वाढेल. एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांना उंदीरच का सुचावा? कारण उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. आपल्या पूर्वजांचं निरीक्षण चांगलं होतं!

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या चालीरीती दात पडल्यानंतरच्या आहेत. दात कधी पाडायचा, हे त्या सांगत नाहीत. तो पडेपर्यंत थांबायचं, हे त्यांनी गृहीतच धरलेलं आहे.

दोनदा जन्मणारा

संस्कृतात दाताला 'द्विज' असंही म्हणतात, म्हणजे दोनदा जन्मणारा. बालरोगांवरचा आपला जुना आयुर्वेदीय ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. त्यात दातांच्या जन्मावर एक स्वतंत्र अध्याय आहे. माणसाच्या बत्तीस दातांपैकी आठ एकदाच येतात आणि बाकीचे दोनदा, असं तिथे सांगितलं आहे. आजचा हिशेब थोडा वेगळा आहे. दुधाचे दात वीस, त्यामुळे दोनदा येणाऱ्या जागा वीस. उरलेल्या बारा दाढा एकदाच येतात. आकडा जुळत नसला तरी काही दात एकदाच येतात हे त्या काळी ओळखलं होतं, आणि पालकांसाठी आज तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

दातांवरून मुलाचं वय मोजायची पद्धतही जुनी आहे. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात अशौचाचे, म्हणजे सुतकाचे, नियम सविस्तर मांडले आहेत. मूल दात येण्याआधी गेलं तर सुतक वेगळं, दात आल्यावर गेलं तर वेगळं. जन्माची नोंद नसलेल्या काळात दात हेच मुलाच्या वयाचं चिन्ह होतं. इतकी मुलं लहानपणी दगावत होती की त्यासाठी असे नियम करावे लागले, हेही त्यातून दिसतं.

पुढे कारखान्यांनी हेच चिन्ह वापरलं. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापड गिरण्यांत कामाला ठेवायला बंदी झाली. पण मुलाचं वय ओळखायचं कसं? एडविन सॉंडर्स या दंतवैद्याने १८३७ मध्ये पुस्तिका लिहून दाखवलं की उंचीपेक्षा दात जास्त खरं बोलतात. हिंदुस्थानात १८८१ च्या कायद्याने कारखान्यात कामाला लागायचं किमान वय सात केलं आणि १८९१ मध्ये ते नऊ झालं. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या कामगारांचा वाटा फार मोठा होता, आणि जन्माचा दाखला तर क्वचितच कोणाकडे असे.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच, की दात येण्या-पडण्याचं एक वेळापत्रक असतं आणि ते बऱ्यापैकी पक्कं असतं.

मूळ गेलं कुठे?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. पडलेला दुधाचा दात हातात घेतला तर वरचा पांढरा भाग दिसतो आणि खाली पोकळ, खडबडीत कड. मूळ नाही! मग ते हिरडीतच तुटून राहिलं असणार, असं वाटणं साहजिक आहे.

आधुनिक शरीरशास्त्राचा पाया घालणाऱ्या व्हेसेलियसलाही तसंच वाटलं होतं. १५४३ साली त्याचा प्रसिद्ध ग्रंथ आला. दुधाच्या दाताचं मूळ आत राहतं आणि त्यातूनच नवा दात उगवतो, अशी त्याची समजूत होती. झाड तोडल्यावर बुंध्याला धुमारे फुटतात, तसंच काहीसं. वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, इटलीतल्या युस्टाचीने दातांवर छोटा ग्रंथ लिहिला. (कानातली युस्टेशियन नळी याच्याच नावाची.) त्याने लहान बालकांचे जबडे उघडून पाहिले, तेव्हा पक्क्या दातांचे अंकुर दुधाच्या दातांपासून वेगळे, आपापल्या जागी आधीपासून तयार असलेले दिसले.

आज आपल्याला आणखी माहीत आहे. खालून पक्का दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताच्या मुळाभोवती विशिष्ट पेशी जमतात आणि ते मूळ हळूहळू विरघळवतात. मूळ झिजत जातं, तसा दात हलू लागतो. शेवटी फक्त हिरडीचा आधार उरतो आणि दात पोळी किंवा पेरू खाताना सहज सुटून येतो. फारसं दुखत नाही, रक्तही थोडंच येतं.

म्हणजे मूळ आत राहिलेलं नसतं, ते शरीराने आधीच आवरून घेतलेलं असतं. आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्याल. हे काम अर्धंच झालेलं असताना दात ओढला, तर उरलेलं मूळ खरोखर तुटून आत राहू शकतं, हिरडी फाटते, रक्त जास्त येतं आणि मूल दातांच्या डॉक्टरांना कायमचं घाबरतं.

घाईचे घरगुती उपाय

दाराच्या कडीला दोरा बांधून दार आपटणं तुम्हाला माहीत असेलच. त्याहून जास्त काळजी वाटते ती जखमेवर लावायच्या गोष्टींची.

मशेरी : तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात दुखला की मुलांच्या हिरडीलाही लावली जाते. तंबाखूतलं निकोटीन हिरडीतून लगेच रक्तात जातं, आणि सवय तिथूनच लागते. भारतात १९९२ पासून टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आहे. घरी भाजलेल्या मशेरीला मात्र कोणी निरीक्षक येत नाही. तिथे निरीक्षक तुम्हीच.

शेण, माती, राख : १८८४ मध्ये निकोलायर या जर्मन डॉक्टरने मातीतून धनुर्वात होतो हे दाखवलं, आणि १८८९ मध्ये जपानच्या कितासातोने त्याचा जंतू वेगळा काढला. या जंतूचे बीजाणू माती आणि शेणात वर्षानुवर्षं टिकतात. नाळेला शेण, राख लावल्यामुळे एके काळी आपल्याकडे असंख्य नवजात बाळं धनुर्वाताने गेली. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपणामुळे २०१५ मध्ये भारताने नवजात धनुर्वातावर विजय मिळवल्याचं जाहीर झालं. तेच शेण तोंडातल्या ताज्या जखमेजवळ न्यायचं कशाला?

एक योग असा की धनुर्वाताचा दुसरा बूस्टर (डीपीटी) पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान असतो, आणि पहिला दात हलायला लागतो तोही याच सुमारास. दात हलू लागला की मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढून हा डोस झालाय ना, ते पाहा.

घरी काय करावं?

१. हात स्वच्छ धुवा. मुलाला जिभेने दात हलवू द्या. त्याचा दात, त्याची गती.

२. दात अगदी लोंबत असेल आणि मुलाला चालत असेल, तर स्वच्छ गॉजने धरून हलकेच पिळा. सुटला तर ठीक. दुखलं किंवा अडला तर सोडून द्या.

३. रक्त आलं तर गॉजची घडी जागेवर ठेवून दहा-पंधरा मिनिटं घट्ट चावायला सांगा. मधे मधे उघडून बघू नका.

४. त्या दिवशी जोरात चूळ नको, गरम आणि कडक पदार्थ नकोत. मऊ भात, पेज, गार ताक चालेल.

५. दुखलंच तर वजनानुसार पॅरासिटामॉल द्या. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. लवंगतेल ताज्या जखमेवर नको.

६. दात चुकून गिळला तर बहुधा काही होत नाही, तो शौचावाटे निघून जातो. पण ठसका थांबत नसेल किंवा श्वासात शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.

डॉक्टरांकडे कधी?

गॉज दाबूनही अर्ध्या तासात रक्त थांबलं नाही तर. घरात कोणाला रक्त न गोठण्याचा आजार असेल तर दात पडण्याआधीच सांगा. कधी कधी हिमोफिलियाची पहिली शंका पडलेल्या दातावरूनच येते.

चार वर्षांच्या आत दात हलू लागला, तोंडाला सूज किंवा ताप आला तर.

दुधाच्या दाताच्या मागेच नवा दात आला तर घाबरू नका. खालच्या पुढच्या दातांत हे नेहमी दिसतं. दुधाचा दात हलत असेल तर थांबा. दोन-तीन महिन्यांत हलला-पडला नाही तर दाखवा.

खेळताना मार लागून दात निघाला असेल, तर तो दुधाचा की पक्का हे महत्त्वाचं. दुधाचा दात परत बसवू नये. सात-आठ वर्षांच्या मुलाचा पुढचा पक्का दात निघाला तर वरच्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका, दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. तो वाचू शकतो.

"पडणारच आहे ना!"

शेवटी आमच्या कानावर सर्वांत जास्त पडणारं वाक्य. दुधाची दाढ किडली की पालक म्हणतात, पडणारच आहे ना, कशाला खर्च करायचा? पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या खालच्या दाताची जागा राखून ठेवतात. लवकर गेल्या तर शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडा येतो.

आणि ती एकदाच येणारी दाढ! सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता एक दाढ गुपचूप येते. पालकांना ती दुधाचीच वाटते. ती किडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. आज रात्रीच ब्रश करताना टॉर्च घेऊन पाहा.

२०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत होणाऱ्या तपासणीत दातही पाहिले जातात. पथक शाळेत आल्यावर मिळालेली चिठ्ठी दप्तरात चुरगळू देऊ नका.

आणि दात कौलावर फेकायला माझी मुळीच हरकत नाही. फक्त तो स्वतःहून पडू द्या, शेण वगळा, आणि आता घराला स्लॅब असेल तर उंदीरमामाला पत्ता नीट सांगा.